कान तुटलेला कप

तीर्थपुरीच्या कालव्याजवळचं राधेश्यामचं हाटेल पन्नास वर्षांचं झालं, म्हणून त्यानं हाटेलासमोर कीर्तन ठेवलं. कालवा खोदणाऱ्या मजुरांच्या चहावर हे हाटेल उभं राहिलं, असा इतिहास त्यानं मोठ्या फलकावर रंगवून घेतला होता. त्याच मजुरांतले अंगदबाबा आज टाळ घेऊन महाराजांच्या मागं उभे होते. देवापुढं कोणी लहान-मोठं नसतं, असं महाराज रंगून सांगत होते आणि बाबांचे डोळे भरून येत होते.

कीर्तन संपल्यावर राधेश्यामनं काचेची पेटी उघडली. आत मखमलीवर निळ्या फुलाचा, कान तुटलेला एक कप होता.

"मागच्या भिंतीच्या कोनाड्यात सापडला. आमच्या आजोबांचा कप हाये. जल्दी रांग लावा, समद्यांनी दर्शन घ्या."

लोक कपाला बुक्का लावून पाया पडू लागले. कप दिसताच बाबांच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"वाका की बाबा," राधेश्याम हसला, "माह्या आज्यापुढं वाकायची लाज वाटून राह्यली का?"

बाबांनी कप उचलला. त्यावरचा बुक्का बोटानं पुसून आपल्या कपाळाला लावला.

"आमच्या वस्तीतल्या समद्यांना ह्याच एका कपात चहा भेटायचा, तोबी हाटेलाबाहेर. पिऊन झाला की आपल्या हातानं धुऊन कोनाड्यात ठेवायचा.



"तुहा आजा वरून चहा ओतायचा, राधेश्याम. ह्या कपाला त्यानं जल्मात बोट लावलं न्हाई."