नावातला पक्षी

माझे वडील, नखी सुतार. दृष्टी जायच्या आधीच त्यांनी स्वतःची शवपेटी घडवली होती, उंबराच्या लाकडाची. झाकणावर स्वतःच्या हाताने चित्रलिपीत आपलं नाव कोरलं. नाव नसेल तर पलीकडे कोण ओळखणार? नाईलला पूर आला नाही त्या साली मी ती पेटी धान्यासाठी विकली. पोरं उपाशी होती, असं मी स्वतःला सांगतो. त्यातल्या अर्ध्या धान्याचं गाढव घेतलं, ते सांगत नाही.

काल आबा म्हणाले, "एकदा माझ्या पेटीवरून हात फिरवू दे रे."

मी धावत जाऊन शेजारच्या पाशेदची पेटी तासाभरासाठी मागून आणली. घरातले सगळे श्वास रोखून उभे. आबांची बोटं कोरलेल्या नावावरून सावकाश फिरली, एका जागी थांबली, परत फिरली.

"माझीच आहे," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "पोराने जपलीय हो!"

सगळे पांगल्यावर त्यांनी मला जवळ बोलावलं.

"परत देताना पाशेदला सांग, त्याच्या नावातल्या पक्ष्याची चोच उथळ राहिलीय. नीट कोरून घे म्हणावं."