चुकीचा नियम

“आज ऑटोमॅटिकवर खेळू,” हेडफोनमधून निकिता म्हणाली, आणि ललित घाईघाईनं सबब शोधू लागला.

गेले पाच महिने ओझरच्या विमान कारखान्यातली पाळी सुटली की तो घरी येऊन आधी लॅपटॉप उघडायचा. तिकडून, गंगापूर रोडवरच्या घरून निकिता ऑनलाइन यायची. ओळख एका ग्रुपवरची, प्रत्यक्ष भेट एकदाही नाही. राक्षस, मांत्रिक, किल्ले अशा कार्डांचा खेळ. त्यांचं सॉफ्टवेअर अगदी साधं, नुसतं टेबल मांडून देणारं. कार्ड उचलणं, आडवं करणं, समोरच्याचे गुण कापणं, सगळं आपल्या हातानं आणि बोलून. नियमावर अडलं तर एकमेकांना विचारायचं.

ललित रोज अडायचा. “हा मांत्रिक काय करतो गं?” ती समजावून सांगायची, बऱ्याचदा साफ चुकीचं. तो “बरं” म्हणायचा, स्वतःचा किल्ला पाडून घ्यायचा, हरायचा आणि जेवताना ताटाकडे बघून हसत बसायचा. आई विचारायची, भाजी एवढी चांगली झालीय का?

खरं म्हणजे सहा वर्षं खेळून त्याला सगळी कार्डं तोंडपाठ होती.

ऑटोमॅटिक म्हणजे त्याच खेळाचं दुसरं सॉफ्टवेअर, तिथं नियम यंत्र बघतं. चुकीची चाल पडतच नाही, त्यामुळे विचारायचं काही उरत नाही. शिवाय नावाखाली तिथं आजवर खेळलेल्या डावांचा आकडा दिसतो.

“माझं नेट जरा हळू आहे आज,” तो म्हणाला.

“चालेल. मी तुझं नाव शोधून निमंत्रण पाठवलंय.”

नवं खातं काढायलाही वेळ नव्हता. त्यानं बटण दाबलं. पडद्यावर आलं: ललित, चार हजार एकशे बारा डाव.

निकितानं तो आकडा मोठ्यानं वाचला.

“मला नियम येत होते,” तो एका दमात बोलून गेला. “तू बोलत राहावीस एवढंच वाटायचं. आता नसेल खेळायचं तर सांग.”

“अरे, प्रत्येक कार्डावर नियम छापलेला असतो,” ती म्हणाली. तिला हसू आवरत नव्हतं. “पहिल्याच आठवड्यात मी मुद्दाम चुकीचा सांगून बघितला, तर तू बरं म्हणालास. मग रोजच सांगत गेले. पाच महिने झाले, तुला काही बोलवेना. म्हणून आज यंत्राला बोलायला लावलं.”