टॉर्किलची पिशवी

रूरीनं बॅगपाइपच्या पिशवीवरचं मखमली कव्हर सोडायला घेतलं आणि लॅकीनं तोंडाशी नेलेला स्कोनचा गोडसर पाव बशीत परत ठेवला.

"राहू दे रे," तो म्हणाला. "उद्या मिरवणूक. आज कशाला उघडून बसतोस?"

"हवा कुठून जातेय ते बघतो, लॅकीकाका. आई वाजवते तेव्हा मधूनच फुसफुस ऐकू येते."

"ती तुझ्या आईचीच असेल. वय झालंय आता तिचं."

"तुझ्याहून लहानच आहे मी," शेगडीपाशी पाठमोरी उभी असलेली एफी म्हणाली.

रूरी तिचा मुलगा. कॅनडाहून सुट्टीवर आलेला. तिकडच्या बँडमध्ये तो पहिल्या रांगेत वाजवायचा. पाइपातलं त्याला सगळं कळत होतं, आणि लॅकीला आज नेमकं तेच नको होतं.

एफीचा नवरा टॉर्किल गेला, त्या हिवाळ्यात लॅकी तिच्याशी एक खोटं बोलला होता. लॅकी गावच्या बँडचा म्होरक्या. सारी उमर त्यानं टॉर्किलच्या शेजारी उभं राहून पाइप वाजवले. टॉर्किलला पोचवून आल्यावर त्यानं बँडच्या हॉलला कुलूप घातलं, किल्ली चहाच्या डब्यात टाकली आणि बँड संपला, असं ज्याला त्याला सांगून टाकलं. मग एके दुपारी टॉर्किलचा गणवेश परत आणायला म्हणून एफीकडे गेला, तर ती गाऊनवरच, पडदे ओढून, विझलेल्या शेगडीपुढे बसलेली. टॉर्किलचे पाइप त्याच्या खुर्चीत पडलेले. लॅकीला सांत्वनाचे शब्द कधी सुचत नसत. त्याच्या तोंडून वेगळंच निघालं.

"यात रोज फुंकावं लागतं, एफी. चामड्याची पिशवी आहे. वाळली की तडकते. मग रूरीच्या हाती काय देशील?"

पिशवी चामड्याची नव्हती. टॉर्किलनं केव्हाच झिप असलेली, नव्या पद्धतीच्या कापडाची बसवून घेतली होती. दहा वर्षं कपाटात पडली असती तरी तिला काही झालं नसतं.

एफीनं त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं. "बरं," ती म्हणाली. "पण मला येत नाही. रोज येऊन शिकवावं लागेल तुला."

तो रोज गेला. आधी साध्या नळीवर बोटं बसवायची, मग पिशवीत फुंकायचं. पहिल्यांदा पाइपातून जो आवाज निघाला, तो ऐकून पाद्रीबाई घरात कोण आजारी आहे म्हणून चौकशी करून गेल्या. हळूहळू त्या आवाजाचा सूर झाला. मग एफी म्हणाली, एकटीनं वाजवायचा कंटाळा येतो. लॅकीनं चहाच्या डब्यातली किल्ली काढली. हॉल उघडा दिसल्यावर ढोलवाले आले, मागोमाग बाकीचेही आले. बँड संपला होता हे कुणी बोलून दाखवलं नाही.

लॅकीच्या जिवाला मात्र घोर लागला. रविवारी चर्चमध्ये स्तोत्राचा पहिला सूर तोच लावायचा, आणि त्याच्यामागून सगळं चर्च गायचं. 'खोटी साक्ष देऊ नकोस' या आज्ञेवर प्रवचन झालं, त्या रविवारी त्यानं सूर इतका खाली लावला की बायकांना गाताच येईना.

एफीला कळलं, तर? ती पाइप खाली ठेवील. पुन्हा पडदे ओढील. उद्या ती गावातून पहिल्यांदाच बँडबरोबर चालणार होती. तिचा किल्ट, बँडचा चौकड्यांचा घागरा, इस्त्री होऊन दारामागे टांगलेला होता. लॅकीनं तिकडे बघणं टाळलं.

कव्हर निघालं.

"आई," रूरी म्हणाला, "ही चामड्याची नाहीच. फोनवर तर तू म्हणायचीस, रोज फुंकायला हवं, लॅकीकाकांनी बजावलंय. अगं, ही वाळतच नाही."

लॅकी उभा राहिला. "एफी, मी तुला त्या वेळी..."

"बस खाली. चहा गार होतोय." एफीनं हात पुसले आणि वाकून पिशवी बघितली. "झिपेतूनच जातेय हवा. या महिन्यात तिला मेणबत्ती घासायची राहिली. तुझ्या बाबांची बोटं जाड, त्यांच्या चिमटीत झिपेची कडी यायची नाही. बसवली तेव्हापासून मीच घासतेय."

लॅकी खाली बसला. रूरीनं एकदा आईकडे पाहिलं, एकदा काकाकडे, आणि एक स्कोन उचलला.

"म्हणजे तुला ठाऊक होतं," लॅकी म्हणाला.

"होतं की."

"मी थाप मारली त्याच दिवशी?"

"त्याच दिवशी."

"मग मला रोज कशाला यायला लावलंस, बाई?"

एफीनं त्याच्या कपात ताजा चहा ओतला.

"त्या दिवशी तू माझ्या दारात आलास ना, लॅकी, तेव्हा भरदुपारी कोटाखाली तुझा झोपायचा पायजमा होता."