उतू न गेलेलं दूध

आप्पा धावले. दूध वर यायला लागलं तेव्हा ते बाहेरच्या खोलीत खुर्चीवर बसले होते, आणि दूध उतू जायच्या आत त्यांनी गॅस बंद केला होता. वाटेत टेबलाला, भिंतीला, कशालाच धरलं नाही.

हे अर्थात घडलेलं नाही.

"गॅस कुणी बंद केला?" मुलीने बाथरूममधून डोकं बाहेर काढलं. आप्पा तोवर पुन्हा खुर्चीत, मांडीवर शाल, चेहऱ्यावर वेदना.

"दुधानेच केला असेल. समजूतदार आहे."

मुलीने दुधाकडे पाहिलं. मग आप्पांच्या पायांकडे. चपला उलट्या घातल्या होत्या. ती खाली बसली आणि ज्या पायाची चप्पल त्या पायात घालून दिली.

आप्पा कोपऱ्यावरच्या बाकापर्यंत आधाराशिवाय चालले की परत कामावर येते, असं साहेबांना सांगून ती इतक्या लांबून आली होती. आप्पांचे गुडघे झिजलेले. मांड्यांत ताकद आली की चालणं सुधारेल, असं फिजिओथेरपिस्ट मॅडम म्हणाल्या होत्या. आयुष्यभर कुणाचं न ऐकणाऱ्या गुडघ्यांनी नेमकं हे ऐकलं.

मॅडम आल्या. घोट्याला बांधायची वाळूची पिशवी त्यांनी हातात तोलली.

"ही हलकी कशी झाली?"

"वाळू सुकली असेल," आप्पा म्हणाले.

खिडकीतल्या कोरफडीच्या कुंडीत मातीवर पांढरी वाळू पसरली होती. मुलीने पडदा ओढून घेतला. ऊन फार येतंय म्हणाली. बाहेर ढग होते.

"बरं, जरा चालून दाखवा."

आप्पा उठले आणि सुरेख लंगडत दारापर्यंत गेले.

"आप्पा, दुखतो तो उजवा ना? तुम्ही डावा लंगडताय."

"उजवा आज रजेवर आहे. त्याचं काम डावा बघतोय."

मॅडमनी आप्पांच्या मांडीचा स्नायू दाबून पाहिला, मग त्या दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. "पुढच्या वेळी येईन तेव्हा बाकापर्यंत जाऊ या," त्या हळूच म्हणाल्या. "जमेल तुम्हाला." एखादी वाईट बातमी सांगावी तसं.

त्या गेल्यावर मुलगी पिशवी घेऊन कुंडीपाशी गेली. चमच्याने वाळू परत भरू लागली. आप्पा बघत राहिले.

"सगळी भरतेस?"

"सगळी. मी नसताना पडलात तर?"

तिने पिशवी त्यांच्या घोट्याला बांधली, पट्टा आवळला. तिच्या भांगात एक पांढरा केस होता.

"ठमे, केस पिकला तुझा."

"तुमच्यावर गेलाय. पाय उचला."

आप्पांनी उचलला. पाय सरळ वर गेला, थरथरलासुद्धा नाही. दोघंही त्याच्याकडे बघत राहिले, न विचारता आत आलेल्या पाहुण्याकडे बघावं तसं.

मग तिने लॅपटॉप मांडीवर घेतला.

"साहेबांना रजेचं लिहितेय. कारण काय देऊ?"

आप्पांनी पाय खाली ठेवला.

"खरं तेच दे."

तिने लिहिलं: 'वडिलांची प्रकृती अपेक्षेपेक्षा फारच लवकर सुधारत असल्याने माझी रजा तातडीने वाढवून मिळावी, ही नम्र विनंती.'