तिसरी बाटली

कॉलेजच्या रसायनशास्त्र मंडळात यंदा एकच जागा होती आणि तिच्यासाठी नाकाची परीक्षा. बाटली लांब धरायची, हाताने वारा घेत वास घ्यायचा, काय वाटलं ते चिठ्ठीवर लिहायचं.

तिसऱ्या बाटलीत खवट लोण्यातलं आम्ल होतं. बूच काढलं मात्र, सगळी नवी मंडळी भिंतीला चिकटली. एकजण तर बेसिनकडेच पळाला. "शी! आत कुणी ओकलंय का?" माझ्याही घशाशी आलं होतं, पण पडले अध्यक्ष, नाकाला रुमाल लावून उभी राहिले.

मागच्या बाकावरची मुलगी मात्र बाटली थेट नाकाशी धरून, डोळे मिटून उभी.

"अगं ए, किळस कशी येत नाही तुला? नियम मोडलास. बाद!"

तिने बाटली खाली ठेवली. "ताई, बाद झालेच आहे, तर अजून एकदा वास घेऊ?"

मला शिसारीच आली. तिची चिठ्ठी उघडली. बाकीच्यांनी 'उलटी', 'सडके मोजे' असलं काही लिहिलं होतं. तिने लिहिलं होतं, 'माझा डावा खांदा.'

"हे काय गं?"

"दूध पाजून लेकीला खांद्यावर घेतलं, की ढेकर देताना थोडं ओकायचीच. शिकता यावं म्हणून आईकडे ठेवलीय तिला. चार महिने झाले, ताई. खांद्याला आता कसलाच वास येत नाही."

रुमाल खाली घेऊन मी चिठ्ठीवर बरोबरची खूण केली.