मागचं दार

चाक हातात आलं तसे काका पाय रोवून उभे राहिले आणि सवयीने त्यांनी डोक्यावर, डाव्या बाजूला नजर टाकली. तिथे आरसा नव्हता, नुसतं आभाळ होतं. तरी त्यांचं समाधान झालेलं दिसलं.

शिडाच्या बोटीवर दहा पाहुणे होते. सगळे पाठीला सॅक लावून बेटं हिंडायला निघालेले, काका-पुतणी सोडली तर चार दिवसांपूर्वी एकमेकांना ओळखतही नव्हते. कप्तानबाईंचा नियम होता की मोकळ्या समुद्रात प्रत्येकाने अर्धा तास चाक धरायचं. दाढीवाल्याच्या हाती बोट नागमोडी चालली होती, नर्सच्या हाती दोनदा शीड फडफडलं होतं. काकांच्या हाती बोट अशी सरळ निघाली की कुणाच्या ग्लासातला चहा हलेना.

"काका, आधी काय चालवायचात?" दाढीवाल्याने विचारलं.

"बस. एकतीस वर्षं. आणि गाडी चालू असताना ड्रायव्हरशी बोलू नये."

सगळे हसले. काकांची पुतणी तेवढी हसली नाही. काकांना कडेचं दिसायचं, पण समोर बघितलं की मधोमध धुरकट डाग यायचा, हे बोटीवर तिला एकटीलाच ठाऊक होतं. लायसन्स परत केल्यापासून आठ महिने ते गॅलरीत खुर्ची टाकून खालून जाणाऱ्या बसचे आवाज ऐकत बसले होते. तिने त्यांना बकोटीला धरूनच इथे आणलं होतं, आणि त्यांची एकच अट होती, डोळ्यांबद्दल कुणाकडे ब्र काढायचा नाही. मोकळ्या समुद्रात समोर बघण्यासारखं काही नव्हतंच. काका वारा गालावर घेत होते आणि त्याच्या हिशेबाने चाक फिरवत होते. किती दिवसांनी ते असे खुशीत होते.

मग दोन बेटं जवळ आली. त्यांच्यामधल्या अरुंद वाटेत चाक कप्तानबाई स्वतः घ्यायच्या. त्या उठल्याही, पण तेवढ्यात शिडाचा दोर वरच्या कप्पीत अडकला. शीड सैल पडेना, उतरेना, आणि वाऱ्याने बोट भलतीच पळू लागली. कप्तानबाई डोलकाठीकडे धावल्या, दोर दोन्ही हातांनी धरला, दाढीवाल्याला मागून ओढायला लावलं.

"काका, मधून काढा," त्या ओरडून म्हणाल्या. "गडद निळं पाणी धरा. फिकट दिसेल तिथे खाली खडक आहे."

गडद आणि फिकट. नेमकं हेच काकांना दिसणार नव्हतं. पुतणीने सांगावं तर सगळ्यांसमोर काकांची मान खाली जाणार, आणि मग ते पुन्हा कधी घराबाहेर पडणार नाहीत. न सांगावं तर बोटीचा तळ फुटणार. ती अर्धवट उठली.

"कप्तानबाई," पुढचा थांबा सांगावा तशा आवाजात काका म्हणाले, "मला समोरचं दिसत नाही. म्हणूनच माझं लायसन्स गेलंय. कुणीतरी पुढे उभं राहून मला वाट सांगा."

कप्तानबाईंनी एकदा मागे वळून पाहिलं. हातातला दोर सोडण्यासारखा नव्हता.

"तू जा पुढे," त्या पुतणीला म्हणाल्या.

पुतणी बोटीच्या टोकाशी पोचली आणि एकदम सुरू झाली, "काका, थोडं उजवीकडे, नाही, एवढं नको, म्हणजे आता जरा..."

"भाषण नको," मागून काका म्हणाले. "एकदा ठोकलंस की डावीकडे, दोनदा ठोकलंस की उजवीकडे. गप्प राहिलीस तर सरळ."

तिने नर्सच्या हातातली स्टीलची बाटली घेतली आणि गुडघ्यांवर बसली. फळीवर दोनदा ठोकलं. बोट उजवीकडे सरकली. आता उजव्या अंगाला, हात बुडवला तर लागेल इतक्या वर खडक आले होते, पिवळे-तपकिरी. एकदा ठोकलं. काकांनी चाक जेवढ्यास तेवढं फिरवलं, बोटभरही जास्त नाही. पुन्हा एकदा. मग बराच वेळ तिने बाटली हवेत धरून ठेवली आणि बोट सरळ जात राहिली. काकांचं एवढं कौतुक तिला आजवर कधी वाटलं नव्हतं, आणि आता मागे वळून बघायचीही सोय नव्हती.

पाणी पुन्हा गडद झालं. त्याच सुमाराला कप्पी सुटली आणि शीड धाडकन सैल पडलं.

कप्तानबाई तळहात चोळत चाकापाशी आल्या. काकांनी लगेच हात काढून घेतले.

"हे मला आधी सांगायला हवं होतं," त्या म्हणाल्या.

"सांगितलं असतं तर चाक दिलं असतंत?"

"नसतं दिलं."

"म्हणून नाही सांगितलं. चुकलंच माझं."

कप्तानबाईंनी चाक एका हाताने धरलं. बाकीचे सगळे कान टवकारून बसले होते.

"आणि मगाशी, ती नुसती ठोकत होती तेव्हा? भीती नाही वाटली?"

"कसली भीती? बसचं मागचं दार मला एकतीस वर्षांत एकदाही धड दिसलं नाही. कोण चढलं, कोण लोंबकळतंय, काही नाही. कंडक्टरने डबल बेल दिली की मी गाडी काढायचो."

कप्तानबाईंनी पुढे पाहिलं. लांबवर आणखी दोन बेटं दिसत होती आणि त्यांच्यामध्ये पाण्याची एक बारीक पट्टी. काकांना जागा करून देत त्या चाकापासून एक पाऊल बाजूला झाल्या, पण तिथेच उभ्या राहिल्या. मग बाटली परत करायला निघालेल्या पुतणीला म्हणाल्या,

"तू कुठे निघालीस? जा, पुढे आपल्या जागेवर जाऊन बस."