बाईंची चार पानं

“बाई, आजची चार पानं?”

मधली सुट्टी संपल्याची घंटा होऊन गेली होती. चौथीच्या वर्गाचा मॉनिटर टेबलापाशी हात पुढे करून उभा होता, तिकीट तपासायला आल्यासारखा.

बाईंनी पिशवीतून वही काढली आणि त्याच्याकडे न बघताच पुढे केली. महिन्याभरात प्रत्येकाने एक कादंबरी लिहायची, मुलांनी रोज एक पान आणि बाई मोठ्या म्हणून बाईंनी चार, असा विडा बाईंनीच भर वर्गात उचलला होता. फळ्याच्या कोपऱ्यात तीस चौकटी आखलेल्या होत्या. एकवीस भरल्या होत्या. बाविसावी रिकामी होती.

मॉनिटरने एक पान उलटलं, दुसरं उलटलं. मग परत पहिल्यावर आला.

“बाई, अक्षर मोठं केलंय.”

“पेन जाड होतं.”

“आणि इथे वारा सुटलाय.”

“मग? सुटू नये?”

“कालही सुटला होता. परवाही. आणि त्या काकू अजून दारातच उभ्या आहेत.”

“पाय दुखले असतील गं बाई त्यांचे!” मागून कोणीतरी म्हणालं आणि वर्गात हशा पिकला.

एरवी बाईही हसल्या असत्या. आज त्यांच्या कानाच्या पाळ्या तापल्या. सकाळी चहा पार गार होईपर्यंत त्या वही उघडून बसल्या होत्या. गोष्टीतल्या काकूंना घर सोडून जायचं आहे, एवढं त्यांना ठाऊक होतं. पण का आणि कुठे, ते काही केल्या सुचेना. तेहतीस वर्षं मुलांच्या निबंधांखाली ‘कल्पना छान, विस्तार करा’ असं लिहीत आल्या होत्या. आता कळत होतं, विस्तार करा म्हणणं किती सोपं असतं ते.

“बस जागेवर!” बाई कडाडल्या. मॉनिटर वही टेबलावर ठेवून पळाला.

आवाज ऐकून शेजारच्या वर्गातले गणिताचे सर दारातून डोकावले.

“काय हो बाई, कादंबरी पेटलेली दिसतेय!”

“विझलीय.”

“मग द्या की सोडून! मुलांचं काय, सोमवारपर्यंत विसरतील. कशाला जिवाला घोर लावून घेता?” आणि सर हसत हसत निघून गेले.

सकाळपासून बाईंच्या मनात दुसरं काय घोळत होतं? त्यांनी डस्टर उचललं आणि त्या चौकटींकडे वळल्या.

“मुलांनो, हे आपण इथेच थांबवू या. पुरे झालं.”

चारपाच जणांनी लगेच वह्या मिटल्या, सुटलो एकदाचे अशा चेहऱ्याने. शेवटच्या बाकावर टाचणी मात्र मान खाली घालून लिहीतच होती. अंगाने काडी आणि बोलणं टोचरं, म्हणून मुलांनीच तिचं नाव टाचणी पाडलेलं. वर्षभर तिने प्रत्येक पेपर नुसतं नाव घालून कोरा दिला होता. या एकवीस दिवसांत मात्र तिचं एकही पान चुकलं नव्हतं. बोललं तर बिचकेल, म्हणून बाईंनी तिला अजून शाबासकीसुद्धा दिली नव्हती.

“टाचणे, ऐकलंस ना? थांबायचं.”

“आत्ता नाही थांबता येणार,” ती वर न बघता म्हणाली. “बकरी गच्चीवर चढलीय.”

“बरं, मग?”

“मग काय? तिला खाली आणायला नको?” एवढं बोलल्यावर तिचं पेन थांबलं. तिने मान वर केली. बाईंच्या हातातलं डस्टर पाहिलं. “तुम्ही नाही लिहिणार?”

“नाही.”

“मग मी काय एकटीच वेड्यासारखी लिहीत बसू?”

तिने पेनला टोपण लावलं. एवढासाच आवाज झाला, पण बाईंचा डस्टरचा हात फळ्यापाशीच थांबला.

“अगं, मला सुचत नाहीये,” त्या म्हणाल्या. “खरंच सुचत नाहीये.” हे वाक्य मुलांच्या तोंडून त्यांनी हजारदा ऐकलं होतं. स्वतःच्या तोंडून ऐकताना त्यांना कसंसंच झालं.

“हं,” टाचणी म्हणाली. त्यात विशेष ते काय, असा तिचा सूर होता. “मला तर रोजच नाही सुचत.” आणि ती बाकावर भिंतीच्या बाजूला सरकली.

बाईंनी डस्टर खाली ठेवलं. वही घेतली आणि शेवटच्या बाकावर जाऊन बसल्या. बाक इतका बुटका, की त्यांचे गुडघे वरच्या फळीला घासत होते. मोठ्या अक्षरातल्या चारही पानांवर त्यांनी आडवी रेघ मारली, कोरं पान काढलं आणि काकूंना पुन्हा दारात उभं केलं. एक ओळ झाली. तिथेच पेन अडलं.

शेजारी टोपण निघालं. पुढच्या बाकांवर एकेक वही परत उघडली. पाच मिनिटं गेली, दहा गेली. सगळा वर्ग खाली मान घालून लिहीत होता आणि बाई पेनचं टोक चावत त्या एका ओळीकडे बघत होत्या.

टाचणीने तिरक्या डोळ्यांनी त्यांचं पान पाहिलं. मॉनिटरचं लक्ष नाही ना, याची खात्री केली. मग आपल्या वहीभोवती घातलेलं कोपर तिने उचललं आणि वही हळूच बाईंच्या बाजूला सरकवली.

“थोडं बघा,” ती कुजबुजली. “पण सगळं तसंच्या तसं नका लिहू हां, बाई. लगेच पकडतात.”